धुऱ्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत: कुहीच्या शाळांत न्यायव्यवस्था कशी शिकवावी

न्यायव्यवस्था शाळेत शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, हे आधी ठरवावे लागते. या विषयाचे तीन थर आहेत. पहिला रचनेचा: न्यायालये कोणती, न्यायाधीश कोण नेमतो, निवृत्ती कधी होते. दुसरा पद्धतीचा: तक्रार कोणी करायची, कुठे करायची, पुरावा म्हणजे काय, समोरच्याचे म्हणणे कधी ऐकायचे, निकालात कारणे का लिहायची, तो पटला नाही तर कुठे जायचे. तिसरा मूल्यांचा: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्या शाळा पहिला थर पाठ करून घेतात आणि तिसरा मनावर बिंबवतात. दुसरा मात्र जवळजवळ रिकामा राहतो. मधला थरच नसल्यामुळे रचना ही नावांची यादी होते आणि मूल्ये प्रार्थनेत अडकून पडतात. हे विधान तपासायला नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका फार योग्य आहे.

कुही नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तहसील, पोलीस ठाणे आणि तालुका न्यायालय एकाच गावात आहेत. तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा वाहते, आणि गोसीखुर्द धरणाच्या इंदिरासागर जलाशयाखाली इथल्या कित्येक गावांची शेती आणि घरे गेली. गावांच्या कडेला महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन आहे. कापूस, धान, तूर आणि मिरची पिकवणाऱ्या इथल्या कुटुंबाला भूसंपादन, वाढीव मोबदला, फेरफार, पेशी, नकल हे शब्द शाळेत शिकावे लागत नाहीत. ते घरात बोलले जातात. तरीही याच घरातले मूल आठवीत न्यायमंडळाचा धडा वाचते, तेव्हा त्या धड्याचा आपल्या घरातल्या कागदांशी काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही.

अभ्यासक्रमातली जागा

बालभारतीच्या पुस्तकांत नागरिकशास्त्राचा क्रम पुरेसा विचारपूर्वक लावलेला आहे. सहावीत ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि जिल्हा प्रशासन येते. सातवीत संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे येतात. २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात संसद आणि केंद्रीय कार्यकारी मंडळ यांच्यानंतर भारतातील न्यायव्यवस्थेचा धडा आहे. नववीत विषय परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रांकडे वळतो. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने येतात. म्हणजे न्यायालय हा विषय स्वतंत्रपणे एकदाच येतो, आठवीत. दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण आहेत, आणि त्या १२ गुणांत न्यायालयाला वेगळी जागा उरत नाही.

आठवीचे महत्त्व याहून मोठे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ने सक्तीचे शिक्षण ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत धरले. त्यानंतर गळती सुरू होते. मुलगी घरी बसते, मुलगा ट्रॅक्टरवर किंवा नागपुरात बांधकामावर जातो. म्हणून आठवीचा वर्ग ही गावातली सगळी मुले एकत्र असण्याची शेवटची संधी असते. ज्यांना पुढे वकील परवडणार नाही, ज्यांच्यापुढे कुणीतरी कोरा कागद सही करायला ठेवणार आहे, ती मुले याच वर्गात बसलेली असतात. न्यायालयाविषयी राज्य त्यांना जे सांगणार आहे, ते त्या एका धड्यात सांगून संपते.

त्या धड्याची मांडणी वरून खाली जाते. आधी सर्वोच्च न्यायालय, मग उच्च न्यायालय, शेवटी जिल्हा व दुय्यम न्यायालये. परीक्षेत विचारायला सोपे ते लक्षात राहते: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी निवृत्त होतात आणि उच्च न्यायालयाचे ६२व्या. संविधानात तोच क्रम असल्याने पुस्तकाने तो घेतला, हे समजण्यासारखे आहे. पण शिकणाऱ्याचा क्रम वेगळा असतो. माणूस न्यायव्यवस्थेत खालून शिरतो, आणि बहुतेक माणसे पहिल्या पायरीवरूनच परततात.

ही सवय आली कुठून

भारतात नागरिकशास्त्राची सुरुवात प्रजेला राज्याची ओळख करून देण्यासाठी झाली. मुंबई इलाख्यात अधिकारी राहिलेल्या विल्यम ली-वॉर्नर यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८९७ साली आले आणि शाळांत लागले. साम्राज्याचा कारभार कसा चालतो आणि त्यात आपण कसे वागावे, हा त्याचा रोख होता. कारभाराला प्रश्न कसा विचारावा हे त्यात येण्याचे कारणच नव्हते. स्वातंत्र्यानंतर मजकूर बदलला आणि प्रजेचा नागरिक झाला, पण धड्याची बैठक बरीचशी तशीच राहिली. संस्थेचे वर्णन करायचे, अधिकारांची यादी द्यायची, शेवटी कर्तव्ये सांगायची. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने ही वसाहतकालीन छाया नेमकी ओळखली आणि नागरिकशास्त्राऐवजी राज्यशास्त्र हे नाव सुचवले. नाव काही वर्गांत बदललेही. धडा शिकवण्याची रीत मात्र नावाबरोबर बदलत नाही.

त्याच २००५ साली नागपूर जिल्हा परिषदेत एक वेगळी सुरुवात झाली. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून संविधानाची ओळख करून देण्याचा उपक्रम हाती घेतला. उद्देशिकेचे वाचन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन हे त्याचे ठळक भाग होते. कुहीच्या शाळा याच जिल्हा परिषदेच्या. पुढे राज्य शासनाने संविधान दिन स्वीकारला. केंद्राने २०१५ मध्ये तो देशभर जाहीर केला. २०२०च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू करण्याचा आदेश निघाला. जिल्ह्यातल्या शाळांतून उठलेली गोष्ट देशाने उचलल्याचे उदाहरण शिक्षणात फार सापडत नाही, आणि नागपूर जिल्ह्याने त्याचा अभिमान बाळगावा.

विदर्भात या उपक्रमाला जमीन तयारच होती. दीक्षाभूमी इथून तासाभराच्या अंतरावर आहे. अनेक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली संविधानाची प्रत ठेवलेली असते. इथल्या मुलाच्या मनात संविधानाबद्दल आपुलकी आधीच असते, ती शिक्षकाला निर्माण करावी लागत नाही. म्हणून मधल्या थराची उणीव इथे अधिक खटकते. उद्देशिकेतल्या मूल्यांत ‘न्याय’ शब्द सर्वांत आधी येतो आणि तो रोज उच्चारला जातो. तो मिळवायची वाट मात्र तिच्यापुढे सुरू होते. ती दाखवली नाही तर आदर कायम राहतो, पण कामी येत नाही.

एक धुरा, तीन दारे

पद्धत शिकवायला मोठ्या खटल्याची गरज नाही. खरिपाच्या तोंडावर कुठल्याही गावात होणारे धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, भांडण पुरे आहे. दोन शेजारी आहेत. एकाने नांगरताना धुरा दोन हात सरकवला असे दुसऱ्याचे म्हणणे. शब्दाला शब्द लागला, काठी उगारली गेली, एकाचे डोके फुटले. सकाळच्या अर्ध्या तासात घडलेली ही घटना कायद्याच्या दृष्टीने तीन स्वतंत्र गोष्टी आहे, आणि प्रत्येकीचे दार वेगळे आहे.

हद्द कुठे आहे हा मोजणीचा प्रश्न. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा. शेतात जायला वाटच उरली नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३नुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते. तहसीलदार पाहणी करतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि आदेश देतो. तो मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. इथेच मुलांना अधिकारक्षेत्र ही कल्पना समजते: एखादा प्रश्न कोणी सोडवायचा हे आधीच ठरलेले असते, आणि चुकीच्या दारावर कितीही चकरा मारल्या तरी ते उघडत नाही.

मालकी कोणाची, हा दुसरा प्रश्न. गावातल्या बहुतेकांची समजूत असते की सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी. कायदा तसे म्हणत नाही. संहितेच्या कलम १५७नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंदीला वजन आहे, पण तिच्यापुढे दार बंद होत नाही. अंतिम हक्क ठरवणे हे दिवाणी न्यायालयाचे काम. आठवीच्या मुलाला हे समजते, कारण आजोबांच्या मृत्यूनंतर फेरफार करताना आत्याचे नाव का गळले, यावरून घरात झालेली बोलणी त्याने ऐकलेली असतात. ‘गृहीत धरणे’ आणि ‘सिद्ध करणे’ यातला फरक हा न्यायशास्त्राचा पाया आहे, आणि तो सातबाऱ्याच्या एका उताऱ्यावरून शिकवता येतो.

तिसरा प्रश्न फुटलेल्या डोक्याचा. इथे पोलीस ठाणे येते, प्रथम खबर येते, आणि मग न्यायदंडाधिकारी. आता समोरासमोर दोन शेजारी नसतात. एका बाजूला राज्य उभे असते, कारण मारहाण ही एका माणसाविरुद्ध झाली तरी गुन्हा सगळ्यांविरुद्धचा मानला जातो. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे संविधानाच्या अनुच्छेद २२ने बंधनकारक केले आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतो. त्याहून गंभीर प्रकरण नागपूरला सत्र न्यायालयात का जाते, हे मुलांना यावरून आपोआप कळते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आणि जुन्या कलमांचे क्रमांक बदलले. शिक्षकाने क्रमांकांच्या मागे लागू नये. क्रमांक बदलतात, २४ तासांचा नियम तसाच आहे.

याच प्रसंगात पुराव्याच्या दोन मापांची गोष्ट सांगता येते. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभाव्य आहे एवढे पाहिले जाते. त्यामुळे एकाच घटनेत एखादा माणूस फौजदारीतून सुटू शकतो आणि दिवाणीत हरू शकतो. हे माहीत नसलेला मोठा माणूस चावडीवर म्हणतो की कोर्टाने पैसे खाल्ले. हे ज्याने शिकले, तो आधी निकाल वाचायला मागतो.

गावातले चौथे दार मी मुद्दाम शेवटी ठेवले. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या. मुलांनी पाहिलेला निवाडा बहुधा याच समितीचा असतो. समितीचे काम समेट घडवण्याचे, ते फार उपयोगी आहे, आणि धुऱ्याच्या वादात तिच्याकडे आधी जाणे शहाणपणाचे. पण समेट म्हणजे न्यायनिर्णय नव्हे. समेटाला दोघांची मनापासून संमती लागते. समिती कुणावर निर्णय लादू शकत नाही, आणि बाईवरचा किंवा लहान मुलावरचा अत्याचार यांसारखा गंभीर गुन्हा गावाच्या बैठकीत मिटवता येत नाही. ज्या गावात वजनदार माणसाचा शब्दच समेट मानला जातो, तिथे हा फरक मुलीला ठाऊक असणे हीच तिची सुरक्षितता असते. माझ्या मते संपूर्ण धड्यात एकच वाक्य शिकवायला वेळ असेल, तर ‘समेट म्हणजे न्यायनिर्णय नव्हे’ हे शिकवावे.

शासन जेव्हा पक्षकार असते

गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. पुढची तीन दशके कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याच्या परिसरातल्या आणि नदीकाठच्या गावांनी संपादन, निवाडा, स्थलांतर आणि मोबदल्याचे वाद अनुभवले. १८९४च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ होते. सरकारी अधिकाऱ्याने ठरवलेला मोबदला अपुरा वाटला, तर शेतकऱ्याने मुदतीत अर्ज करायचा आणि जिल्हाधिकाऱ्याने तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला ही मुदत निवाड्यापासून सहा आठवड्यांची होती. न्यायालय बाजारभाव ठरवी. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळे. वाढलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के व्याज देण्याची तरतूद होती. त्यावरही समाधान नसेल तर कलम ५४खाली उच्च न्यायालयात, म्हणजे नागपूर खंडपीठात अपील. १ जानेवारी २०१४पासून या कायद्याची जागा २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने घेतली, पण इथल्या कित्येक घरांचे कागद जुन्या कायद्याखालचे आहेत.

या एका कायद्यात नागरिकशास्त्राचे केवढे शिक्षण आहे ते पाहावे. न्यायालयात शेतकरी एका बाजूला आणि महाराष्ट्र शासन दुसऱ्या बाजूला उभे असते. ज्या शासनाने जमीन घेतली, त्याचाच अधिकारी भाव ठरवतो. पण त्या भावाची तपासणी त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नसलेला माणूस करतो. संविधानाच्या अनुच्छेद ५०मध्ये न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळे ठेवण्याचे तत्त्व आहे. पुस्तकात ते एका ओळीत येते. कुहीच्या मुलासाठी ते आजोबांच्या शेताच्या भावात दिसते.

कलम २८-अ तर प्रत्येक शाळेत शिकवावे असे होते. शेजाऱ्याने न्यायालयात जाऊन भाव वाढवून घेतला, आणि त्याच अधिसूचनेत ज्याची जमीन गेली पण जो अडाणीपणामुळे किंवा पैशाअभावी गेला नाही, त्यालाही त्या निकालाच्या आधारे तीन महिन्यांत फेरनिर्धारणाचा अर्ज करता येत होता. कायदा गरिबाचा विचार करतो तो असा. पण त्याने घातलेली तीन महिन्यांची मुदत ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी ते कलम छापलेलेच राहते. गणिताच्या तासाला ३० टक्के दिलासा आणि १५ टक्के व्याज काढायला लावले, तर टक्केवारीही पक्की होईल आणि मुले घरी जाऊन जुनी फाईल उघडायला सांगतील.

वर्गासाठी हे उदाहरण निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. धुऱ्याचा खरा, चालू वाद वर्गात आणता येत नाही, कारण त्या वादातल्या दोन्ही घरांची मुले एकाच बाकावर बसलेली असू शकतात. म्हणून धुऱ्याचा प्रसंग कल्पित घ्यावा. मोबदल्याच्या वादात समोरची बाजू शासन असते, शेजाऱ्याचे पोर नसते. त्यावर मोकळेपणाने बोलता येते.

झुडपी जंगलाचे प्रकरण वरच्या पायरीसाठी आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत ‘झुडपी’ असलेल्या जमिनीवर घरे, शाळा, दवाखाने, स्मशाने उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने ‘जंगल’ या कल्पनेची व्याप्ती वाढली आणि या जमिनींचे काय, हा प्रश्न टांगला गेला. २२ मे २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: झुडपी जमिनी वनजमिनीच मानल्या जातील, पण १९९६च्या त्या तारखेआधी झालेल्या वाटपांना संरक्षण मिळेल. दिल्लीतला निकाल गावच्या पटवाऱ्याच्या दप्तरापर्यंत कसा पोचतो, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. आणि तो देणारे सरन्यायाधीश अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले होते, हे कुहीच्या वर्गात जरूर सांगावे.

निकाल चुकतो तेव्हा

शाळेत न्यायालयाची प्रतिमा अचूक संस्थेची असते, आणि घरी ती उलट असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मुलाने आजीकडून ऐकलेले असते. शिक्षकाने या म्हणीला अडाणीपणा म्हणू नये. पेशीमागून पेशी, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वकिलाची फी यांतून ती आली आहे. दिरंगाई हा न्यायव्यवस्थेचा खरा आणि मोठा दोष आहे. तो लपवून शिकवलेला धडा मुलाच्या पहिल्या पेशीतच खोटा ठरेल. दोष सांगावा आणि त्यावरचे उपायही सांगावेत. लोकअदालतीत वाद लवकर मिटतो आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. वेग हवा तर अपिलाचा हक्क सोडावा लागतो. ही निवड पक्षकाराने समजून करायची असते, कोणी हात धरून करवून घ्यायची नसते.

न्यायालय चुकते आणि ती चूक कशी सुधारली जाते, हे नववी-दहावीच्या वर्गात या भागाच्या इतिहासातूनच दाखवता येते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. पुराव्याचे कागद तेच होते, पण मुलीच्या अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती काय, या एका प्रश्नावर तीन पायऱ्यांवर वेगवेगळी उत्तरे आली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून निकालातला तर्क खोडून काढला. देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ मध्ये संसदेने बलात्काराचा कायदा बदलला. हे प्रकरण शिकवताना त्या मुलीचे नाव घेऊ नये. अत्याचारपीडितेची ओळख गुप्त ठेवणे हाही त्याच १९८३च्या दुरुस्तीने आणलेला नियम आहे. निकालावर कारणांसह टीका करणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे, आणि टीकेतून कायदा बदलतो, हे या प्रकरणातून शिकायला मिळते. अलीकडे २०२१ मध्येही अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. आपल्याच शहरातले उच्च न्यायालय चुकू शकते आणि ते दुरुस्त होऊ शकते, हे मुलांना समजल्याने न्यायालयावरचा विश्वास डळमळत नाही. त्या विश्वासाला कारण मिळते.

वर्गात काय करता येईल

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री. निवडणूक होते, शपथ होते. न्यायाची व्यवस्था मात्र त्यात नसते. कुणाची पेन्सिल हरवली की तक्रार गुरुजींकडे जाते, तपास गुरुजी करतात, निकाल गुरुजी देतात आणि शिक्षाही तेच करतात. अधिकारांची विभागणी ज्या वर्गात शिकवली जाते, त्याच वर्गात ती दिसत नाही.

याला उपाय म्हणून मुलांचे न्यायालय भरवावे, असे लगेच सुचेल. त्यात मोठा धोका आहे. खऱ्या वर्गमित्राच्या खऱ्या चुकीवर सगळ्यांसमोर खटला चालवणे हा छळ होईल. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ मनाई करतो. देशाचा कायदा जी काळजी घेतो, ती शाळेने सोडू नये. म्हणून प्रसंग नेहमी कल्पित असावा. खऱ्या भांडणात शिक्षकाने दोन गोष्टी पाळल्या तरी पुरे आहे: दोघांचे म्हणणे दोघांच्या समक्ष ऐकावे आणि आपल्या निर्णयाचे कारण सांगावे. पाचवीतले मूल हे पाहून जे शिकते, ते आठवीतल्या धड्याने शिकवता येत नाही.

कल्पित खटल्यात वकिलांच्या जोरदार भाषणांवर सगळा वेळ जातो. शाळेत कायदा शिकवण्याचे प्रयोग बाहेरही झाले आहेत. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात १९७२पासून ‘स्ट्रीट लॉ’ नावाने कायद्याचे विद्यार्थी शाळांत जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनर यांनी २००९ मध्ये शाळकरी मुलांसाठी नागरिकशास्त्राचे खेळ संगणकावर आणले. आपल्याला त्यांची नक्कल करण्याची गरज नाही. आपण भाषणांपेक्षा निकालावर भर द्यावा. वर्गातल्या प्रत्येकाने न्यायाधीश होऊन चार ओळी लिहाव्यात: काय सिद्ध झाले, काय झाले नाही, कोणत्या पुराव्यावरून, म्हणून काय आदेश. पहिल्या वेळी बहुतेक मुले ‘तो वाईट आहे म्हणून’ असे लिहितील. तिसऱ्या वेळी ‘साक्षीदाराने पाहिले नाही, फक्त ऐकले’ असे लिहू लागतील.

दुसरे काम म्हणजे कागद वाचायला शिकवणे. तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. राज्य शासनाने १९९८च्या अधिसूचनेने जिल्हा व दुय्यम न्यायालयांचे कामकाज मराठीत आणले. समन्स, नोटीस, वकीलपत्र, निकालाची नकल यांचे नमुने वर्गात आणता येतात. साक्षीदाराला आलेला समन्स पाहून घर हादरते, कारण समन्स म्हणजे आरोप असे वाटते. समन्सवर प्रकरणाचा क्रमांक, तारीख आणि बोलावण्याचे कारण कुठे लिहिलेले असते, हे तेरा वर्षांच्या मुलाने एकदा पाहिले की घरातला तो हादरा कमी होतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी प्रकरण क्रमांक टाकून पुढची पेशी पाहता येते. मुले हे पाच मिनिटांत शिकतात आणि वडिलांची नुसती तारीख विचारायला मारलेली एक चक्कर वाचते.

तिसरे काम प्रत्यक्ष भेटीचे. न्यायालय खुले असते. काही नाजूक प्रकरणे सोडली तर कामकाज कोणालाही पाहता येते. कुहीच्या मुलांना त्यासाठी नागपूरला जावे लागत नाही. तालुका विधी सेवा समितीमार्फत भेट ठरवता येते. समितीची शिबिरे शाळांत होतात, पण तिथे अनेकदा कलमांची यादी वाचली जाते आणि मुले टाळ्या वाजवून मोकळी होतात. वक्त्याला शाळेने आधीच पाच प्रश्न लिहून द्यावेत, आणि ते मुलांनीच काढलेले असावेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुच्छेद ३९-अचा हा प्रत्यक्ष अर्थ आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक माणसांना तो लागू होतो, कारण निम्मे गाव बायकांचे आहे.

यासाठी आठवड्याचा एक तासही वाढवावा लागत नाही. केंद्रस्तरावर दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत एक दुपार या धड्याला दिली, तरी तालुक्यातल्या शिक्षकांकडे समन्सचा नमुना, सातबाऱ्याचा उतारा आणि एक कल्पित खटला पोचेल. शिक्षकाची खरी अडचण वेगळी आहे. ‘राजकारण शिकवता’ असा आरोप होईल, अशी त्याला धास्ती असते. पद्धत शिकवण्यात त्याचेही संरक्षण आहे. कोणाचे बरोबर हे तो सांगत नाही, कोणाचे बरोबर हे कसे ठरवायचे ते शिकवतो.

प्रश्नपत्रिका बदलली तरच शिकवणे बदलेल. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय विचारण्याऐवजी असा प्रश्न द्यावा: एका विधवेच्या शेतात जायची पांदण शेजाऱ्याने अडवली, वाद वाढून तिच्या मुलाला मारहाण झाली; तिने कोणत्या दोन कार्यालयांत जावे, का, आणि वकील करायला पैसे नसतील तर काय करावे? चार गुणांचा हा प्रश्न सोडवण्यासाठी मुलाला संपूर्ण धडा समजलेला असावा लागतो, आणि तो घोकून सोडवता येत नाही.

नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार राज्यातली पुस्तके बदलू लागली आहेत. सुरुवात २०२५-२६मध्ये पहिलीपासून झाली. आठवीचा न्यायव्यवस्थेचा धडा नव्याने लिहिला जाईल, तेव्हा त्याने तालुका न्यायालयापासून सुरुवात करावी आणि सर्वोच्च न्यायालयापाशी संपावे. धड्याच्या शेवटचे पान कोरे सोडावे. प्रत्येक तालुक्यातल्या मुलांनी ते स्वतः विचारपूस करून भरावे: आपले तालुका न्यायालय कुठे, तहसीलमध्ये अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, भूमी अभिलेख कार्यालय कुठे, विधी सेवा समिती कोणत्या वारी भेटते. त्याखाली दोन क्रमांक मात्र छापलेलेच असावेत, कायदेविषयक मदतीसाठी १५१०० आणि मुलांसाठी १०९८.